नवं चित्रपुस्तक मोठ्यानं वाचून दाखवण्याजोगं आहे का, हे कसं ओळखावं?

सांगलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी गल्लीतल्या मुलांसाठी छोटं वाचनालय सुरू केलंय. रोज संध्याकाळी 3 ते 6 वर्षांची पंधरा-सोळा मुलं येतात आणि त्या त्यांना गोष्ट वाचून दाखवतात. नव्या पुस्तकांसाठी वर्षाला 12 हजार रुपये बाजूला काढलेत. दुकानात सगळीच चित्रपुस्तकं देखणी दिसतात, मागच्या पानावर सगळ्यांचंच कौतुक छापलेलं असतं. पण घरी आणून वाचायला घेतली की काही पुस्तकांना मुलं दुसऱ्या पानावरच कंटाळतात. गेल्या वर्षी आणलेली चौदा पुस्तकं तशीच पडून आहेत. घेण्याआधी कसं ओळखायचं, आणि त्या चौदांचं काय करायचं, असं त्यांनी विचारलंय.

ताई, मी नाशिकमध्ये 22 वर्षं हेच काम करते आहे. आधी एका वस्तीतल्या बालवाडीत, आता बालवाडी आणि घरचं वाचनालय, दोन्हीकडे. तुमच्यासारखाच पुस्तकांचा ढीग माझ्याकडेही साठला होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत, ते आधी सोडवून घेऊ. पुस्तक चांगलं आहे का, हा एक. आणि ते सोळा मुलांपुढे मोठ्यानं वाचता येईल का, हा दुसरा. माझ्याकडे एक पुस्तक आहे, त्यात वारुळाच्या आतल्या खोल्या काढल्यात. प्रत्येक खोलीत मुंग्या काहीतरी वेगळं करतायत, एक तर पायाला पट्टी बांधून झोपलेली आहे. एका मुलाला मांडीजवळ घेऊन बसलं तर अर्धा तास कुठे जातो कळत नाही. पण सतरंजीवर बसलेल्या सोळा मुलांना ते लांबून तपकिरी ठिपक्यांचं पान दिसतं. पुस्तक उत्तम आहे, जागा चुकली. तुमच्या चौदांपैकी निम्म्यांचं असंच झालं असेल असा माझा अंदाज आहे.

यात आणखी एक तिसरा निकष नकळत घुसतो: मुलाला हे स्वतः वाचता येईल का? दुकानात पालक आणि शिक्षक पान उघडून आधी जोडाक्षरं मोजताना मी नेहमी बघते. प्रथम बुक्स या मुलांच्या पुस्तकांच्या प्रकाशनाच्या पुस्तकांवर पातळ्या असतात, पहिली साधारण 250 शब्दांपर्यंत, दुसरी 250 ते 600 शब्दांची. या पातळ्या उपयोगाच्या आहेत, पण त्या मूल स्वतः वाचणार असेल तेव्हासाठी. ऐकण्याच्या बाबतीत मूल वाचण्याच्या कितीतरी पुढे असतं. चार वर्षांच्या मुलाला ‘तुडुंब’ किंवा ‘लख्ख’ वाचता येत नाही, पण ऐकायला मिळाला की तो शब्द दिवसभर त्याच्या तोंडात घोळत राहतो. त्यामुळे वाचून दाखवायच्या पुस्तकात अवघड शब्द आहेत म्हणून ते खाली ठेवू नका. उलट सगळे शब्द ओळखीचे, सपाट आणि छोटे असतील तर मी जरा सावध होते.

आता, बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. तीन वर्षांच्या मुलाला दहा-बारा पानं आणि पानाला एक-दोन वाक्यं पुरतात. सहाचं मूल 24 पानांची गोष्ट सहज ऐकतं आणि शेवटी “मग पुढे?” विचारतं. तुमच्याकडे दोघंही एकत्र बसतात. मी अशा वेळी आधी धाकट्यांचं छोटं पुस्तक घेते, मग त्यांना खेळायला सोडते आणि मोठ्यांचं वाचते. म्हणजे खरेदीही दोन प्रकारची हवी. घरची भाषा हा दुसरा मुद्दा. माझ्या वस्तीत खानदेशातून आलेली घरं पुष्कळ, तिथे मुलं अहिराणी बोलतात आणि आईला ‘माय’ म्हणतात. तुमच्या भागात कानडी बोलणाऱ्या घरांतली मुलं असतील. अशा मुलांना लांबलचक निवेदनाचं पुस्तक जड जातं. संवाद जास्त असलेलं चालतं, कारण संवादात आपल्याला जागच्या जागी एखादा शब्द त्यांच्या घरचा घालता येतो. तेव्हा मी सांगते ते माझ्या सतरंजीवरचं आहे; तुमच्या मुलांकडे बघून त्यात कमीजास्त करा.

नवं पुस्तक हातात आलं की मी आधी एक अक्षरही न वाचता फक्त चित्रं बघते. याला कारण आहे. 2005 साली कॅनडातल्या संशोधकांनी गोष्ट ऐकताना लहान मुलांची नजर कुठे असते ते यंत्रानं तपासलं होतं. मुलं जवळपास सगळा वेळ चित्राकडे बघत होती, अक्षरांकडे जेमतेम. म्हणजे आपण मजकूर वाचतो तेव्हा मुलं चित्र वाचत असतात. आता समजा चित्रात तेवढंच आहे जेवढं वाक्यात आहे. मुलाचं चित्र तीन सेकंदांत वाचून संपतं आणि आपलं वाक्य पंधरा सेकंद चालतं. उरलेले बारा सेकंद मूल काय करणार? शेजारच्याची वेणी ओढणार. आपण त्याला ‘लक्ष नाही’ म्हणतो, पण त्याचं वाचून झालेलं असतं.

एक उदाहरण जवळून सांगते. बकरीचं पिल्लू हरवल्याची गोष्ट होती. एका पानावर मजकूर एवढाच: “आजीनं गोठ्यात पाहिलं. पिल्लू नव्हतं.” चित्रात आजी गोठ्यात वाकून बघतेय आणि मागे दोरीवर गोधडी वाळत घातलीय. गोधडीच्या खालून चार बारीक खूर दिसतायत. मी वाचलं आणि थांबले. चार वर्षांचा एक मुलगा होता, बालवाडीत येऊन दोन महिने झाले होते, तोवर वर्गात तोंड उघडलं नव्हतं. तो गुडघ्यांवर सरकत सरकत सतरंजीच्या टोकापासून पुढे आला, त्या खुरांवर बोट ठेवलं आणि अगदी हळू म्हणाला, “हे काय इथं.” मग सगळी मुलं आजीला ओरडून सांगायला लागली. पुढच्या प्रत्येक पानावर पिल्लाचं काहीतरी दिसत होतं, एकदा कान, एकदा चावलेली गोधडीची कड. मजकुरानं शेवटपर्यंत ते सांगितलं नाही. मुलांना आजीपेक्षा जास्त माहीत होतं, आणि ते सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नव्हतं. त्या पुस्तकाच्या मी दोन प्रती घेतल्या.

हेच पुस्तक असंही लिहिता आलं असतं: “पिल्लू गोधडीमागे लपले होते. आजीला ते दिसले नाही.” चित्र तेच, गोष्ट तीच. पण मग त्या मुलाला सांगायला काही उरलं नसतं. म्हणून चित्रं बघून झाली की मी मजकूर वाचते आणि स्वतःला विचारते, मजकुरानं काय न सांगता सोडलंय? पाच-सहा पानांत असं काहीच सापडलं नाही, तर चित्रं कितीही रेखीव असोत, मी ते सतरंजीसाठी घेत नाही.

दुसरी पायरी तोंडाची. दुकानात उभं राहून दोन पानं खरंच मोठ्यानं वाचा. संकोच वाटतो, पण दोन-तीन खेपांनंतर दुकानदारालाही सवय होते. पहिलं पान नको, त्यावर सगळ्यांनीच मेहनत घेतलेली असते. मधली दोन पानं घ्या. वाचताना जीभ आपोआप कुठे शब्द बदलते, श्वास कुठे अपुरा पडतो, याकडे लक्ष द्या. पुस्तकात ‘मुले’, ‘झाडे’, ‘झाले’ छापलेलं असतं आणि आपण ‘मुलं’, ‘झाडं’, ‘झालं’ वाचतो, तेवढं चालतं. पण “ते पाहून तो अत्यंत आश्चर्यचकित झाला” हे वाक्य तुम्ही “तो बघतच राहिला” असं वाचायला लागलात, आणि पानावर असं तीनदा झालं, तर तो मजकूर कानासाठी लिहिलेलाच नाही.

अनुवादांविषयी थोडं जास्त लिहिते, कारण दुकानात तुम्हाला दिसणाऱ्या नव्या मराठी चित्रपुस्तकांत इंग्रजी-हिंदीवरून आलेली बरीच असतात. त्यांतली काही इतकी छान उतरलेली आहेत की मूळ मराठीच वाटावीत. काहींची मात्र चित्रं सुंदर आणि मराठी अवघडलेली. हे पकडायच्या माझ्या तीन जागा आहेत.

एक म्हणजे प्राण्यांचं लिंग. इंग्रजीत अस्वल ‘तो’ असतो, म्हणून अनुवादातही “अस्वल म्हणाला” येतं. मी तसं वाचल्यावर पाच वर्षांच्या एका मुलीनं मला थांबवून सांगितलं, “ताई, अस्वल म्हणालं.” तिचं बरोबर होतं. मराठीत अस्वल, कासव, घुबड ही नपुंसकलिंगी, खार आणि गोगलगाय स्त्रीलिंगी, ससा आणि बेडूक पुल्लिंगी. जाणता अनुवादक यावर वाट काढतो, ‘अस्वलदादा’ करतो किंवा सरळ “म्हणालं” लिहितो. ज्यानं ही अडचण बघितलीच नाही, त्यानं पुढेही बरंच काही बघितलेलं नसतं.

दुसरी जागा, बोलणाऱ्याचं नाव कुठे येतं. “‘मला भूक लागली आहे,’ म्हणाला ससा” ही रचना इंग्रजीची. आपण गोष्ट सांगताना म्हणतो, “ससा म्हणाला, मला भूक लागलीय.” कागदावर फरक छोटा दिसतो, पण वाचून दाखवताना मोठा आहे. कोण बोलणार हे आधी कळलं की मी आवाज बदलते आणि मुलंही त्या आवाजाची वाट बघतात. वाक्य संपल्यावर ‘म्हणाला ससा’ आलं, तर तोवर मी ते वाक्य कासवाच्या आवाजात वाचून मोकळी झालेली असते.

तिसरी जागा आवाजांचे शब्द. आपल्याकडे खडा डुबुककन पडतो, नारळ धप्पकन, उंदीर सुळकन जातो, माणूस धाडकन दार लावतो, दिवा फक्कन विझतो, बाळ खुदकन हसतं. मुलांना हे शब्द इतके आवडतात की ती आपल्याआधी म्हणतात. अनुवादात पाण्यात काहीही पडलं की ‘छपाक’ आणि काहीही आपटलं की ‘धडाम’ असेल, तर त्या पुस्तकानं मराठीच्या खजिन्यात हातच घातलेला नाही. मूळ मराठी पुस्तकालाही हीच कसोटी लावा, तिथेही कधीकधी निराशा होते.

पद्यात लिहिलेलं पुस्तक असेल तर मांडीवर टाळी धरून वाचा. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला टाळी चुकली तर ठेवून द्या. शेवटी ‘फार’, ‘गार’, ‘चार’ जुळवलं म्हणजे लय येत नाही, आणि लय नसलेलं पद्य वाचणाऱ्याला गद्यापेक्षा जास्त दमवतं. पुन्हा पुन्हा येणारी एक ओळ असेल तर ती तिनाच्या मुलांसाठी फार चांगली, तिसऱ्या खेपेला ती आपल्याबरोबर म्हणतात. फक्त शेवटी त्या ओळीला काहीतरी कलाटणी मिळतेय का ते बघा.

यानंतर मी पानं उलटते, फक्त एवढं बघायला की उजव्या पानाच्या शेवटी गोष्ट कुठे थांबते. “आणि त्यानं हळूच पेटीचं झाकण उघडलं…” इथे पान संपलं, तर उलटण्याआधीचे ते दोन क्षण माझ्या हातात असतात. पेटीतलं मांजर त्याच पानावर शेजारी काढून ठेवलेलं असेल तर झाकण उघडण्यात काही राम नाही. छपाई 8 किंवा 16 पानांच्या फॉर्म्यांत, म्हणजे एकाच मोठ्या कागदावर एकदम छापलेल्या पानांत, होते, त्यामुळे पुस्तकं बहुधा 16 किंवा 24 पानांत बसवावी लागतात. कधीकधी शेवटच्या जोडपानावर तीन घटना कोंबलेल्या दिसतात, हरवलेलं सापडतं, भांडण मिटतं, सगळे जेवायला बसतात. तिथे वाचणारा धावायला लागतो आणि मुलं मागे पडतात.

लांबून दिसण्याचं पटकन सांगते. पुस्तक खुर्चीवर उघडं ठेवून सात-आठ फूट मागे जा. मुख्य माणूस कोण आणि तो काय करतोय एवढं दिसलं पाहिजे. कुणाचा चेहरा दोन पानांच्या मधल्या घडीत गेला नाही ना, चकचकीत कागदावर ट्यूबलाइट चमकत नाही ना, हे बघा. आपण पुस्तक खांद्याशी धरून तिरकं वाचतो, म्हणून नक्षीदार गडद चित्रावर पांढऱ्या बारीक अक्षरांतला मजकूर असेल तर अडखळायला होतं. आणि डाव्या-उजव्या पानांवर दोन वेगळी चित्रं असतील तर अगदी लहानांसाठी एक पान कागदानं झाकून धरा. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या एका अभ्यासात तीन वर्षांच्या मुलांना एका वेळी एकच चित्र दाखवलं तेव्हा नवे शब्द जास्त लक्षात राहिले होते. मी तो वाचल्यापासून एक जाड पुठ्ठा जवळ ठेवते, आणि खरंच फरक पडतो.

आता शेवटच्या पानाविषयी. आपल्याकडे अजून कितीतरी पुस्तकांत शेवटी “म्हणून आपण नेहमी मोठ्यांचे ऐकावे” असं काहीतरी येतं. शेवटच्या परिच्छेदावर हात ठेवा आणि गोष्ट पूर्ण झाली का बघा. झाली असेल तर ते तात्पर्य वरून चिकटवलेलं आहे. वाचताना मी ते गाळते आणि पुस्तक घेते. पण गोष्टच त्या वाक्यासाठी रचलेली असेल, म्हणजे पहिल्या पानापासून एक आळशी आणि एक कष्टाळू अशी जोडी उभी असेल आणि आळशाचं काय होणार हे सगळ्यांना ठाऊक असेल, तर मुलांना तिथे ऐकायला काही नसतं. पानाच्या तळाशी “सांगा बरं, सशाचा रंग कोणता?” असे प्रश्न छापलेली पुस्तकंही मी टाळते. प्रश्नांना माझा विरोध नाही. 1988 साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की वाचताना मोकळे प्रश्न विचारले, मुलाच्या बोलण्याला धरून पुढे बोललं, तर महिनाभरातच त्याची भाषा वाढलेली दिसते. पण मोकळा प्रश्न म्हणजे “आता काय होईल?”, “ती अशी का बसलीय?” सशाचा रंग सगळ्यांना दिसतोच आहे.

माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागणारी गोष्ट म्हणजे चित्रांत कोणाची घरं दिसतात. माझ्या बालवाडीतल्या मुलांची घरं पत्र्याची आहेत, नळ बाहेर आहे, बाबा टेम्पो चालवतात. नव्या पुस्तकांतल्या मुलाला बहुतेक वेळा स्वतःची खोली असते, बाल्कनी असते. आजी म्हणजे पांढरा अंबाडा, चष्मा आणि हातात विणकाम. माझ्या वस्तीतली आजी 45 वर्षांची आहे आणि सकाळी सातला कांदे निवडायला खळ्यावर जाते. एका पुस्तकात पत्र्याच्या घरावर पाऊस वाजतो असं चित्र होतं. ते पान आलं की एक मुलगी दर वेळी सांगायची, “आमचं असंच वाजतं.” एवढंच सांगायची, आणि खूष होऊन बसायची. प्रत्येक पुस्तकात असं असलं पाहिजे असं मी म्हणत नाही, मुलांना दूरची घरं, बर्फ, समुद्र सगळं बघायचं असतं. पण आपलं कपाट उघडून सगळी पुस्तकं समोर मांडली तर त्यात आपल्या मुलांचं घर कुठे आहे, हे वर्षातून एकदा जरूर बघा. आणि असेल तिथे ते बिचारं, दयेचं म्हणून आलंय की नुसतं घर म्हणून, तेही. पळी-पोळपाट फक्त बाईच्याच हातात आहे का, हेही त्याच वेळी दिसतं.

माहितीची पुस्तकं घेताना कोळ्याचे पाय मोजा. आठ हवेत. सहा वर्षांची मुलं मोजतात, आणि चूक सापडली की त्या पुस्तकावरचा विश्वास जातो. साप दूध पितो असं दाखवणारं पुस्तक अजूनही बाजारात दिसतं, ते तर घेऊच नका.

दुःखाची किंवा भीतीची पुस्तकं मात्र केवळ तेवढ्यासाठी नाकारू नका. कुत्रं मरतं अशी एक गोष्ट मी फार बिचकत वाचली होती. मुलं शांतपणे ऐकत होती, मग एकेकानं आपल्या घरातलं कोण गेलं ते सांगितलं. अशा पुस्तकाला वाचणाऱ्याची तयारी लागते, एवढंच. आधी दोनदा एकटीनं वाचा.

हे सगळं करूनही चुका होतात, म्हणून शेवटची परीक्षा मुलांपुढेच. पण एका वाचनावर निकाल देऊ नका. मी नवं पुस्तक आठवडाभरात तीनदा वाचते. 2011 साली ससेक्समध्येच जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी तीन वर्षांच्या मुलांना नवे शब्द दोन प्रकारे ऐकवले, काहींना तीच गोष्ट पुन्हा पुन्हा आणि काहींना वेगवेगळ्या गोष्टींतून. तीच गोष्ट ऐकणाऱ्यांना शब्द जास्त आले. आपल्याला “परत तीच” म्हणून कंटाळा येतो, मुलांचं काम तेव्हा कुठे सुरू झालेलं असतं. पहिल्या वेळी गप्प बसलेला वर्ग तिसऱ्या वेळी बोलायला लागतो, असं अनेकदा होतं. उलटही होतं: पहिल्यांदा खूप हशा आणि तिसऱ्यांदा काहीच नाही. मी वहीत तीनच गोष्टी लिहिते: कुठल्या पानावर मुलं बोलली, कुठल्या पानावर हलायला लागली, आणि दुसऱ्या दिवशी टोपलीतून ते पुस्तक कुणी आपणहून काढलं का.

या वहीनंच मला एकदा सुधारलं. एक एसटीच्या प्रवासाचं पुस्तक होतं, चित्रं साधी, रंग चारच. मला ते फार सपाट वाटलं, घ्यायचं नाही असं ठरवून नमुन्याची प्रत मी टोपलीत टाकली. मुलांनी दोन आठवडे रोज तेच मागितलं. प्रत्येक पानावर एक प्रवासी चढतो आणि कंडक्टर म्हणतो, “चला, पुढे सरका!” तेवढं वाक्य आलं की सोळाच्या सोळा मुलं सतरंजीवर खरोखर पुढे सरकायची. शेवटच्या पानाला सगळी माझ्या पायांशी येऊन ठेपायची. मी बसल्या बसल्या, डोळ्यांनी वाचलं होतं, त्यामुळे त्यांच्या अंगाला मिळणारं काम मला दिसलंच नव्हतं. तेव्हापासून पुस्तकात कुठे वाकायला, फुंकायला, सरकायला, बोट नाचवायला जागा आहे का, हेही बघते.

पैशांचं थोडं. मराठी चित्रपुस्तकं साधारण 50 ते 250 रुपयांच्या घरात मिळतात, म्हणजे 12 हजारांत बरंच येतं. पण एका फेरीत सगळे खर्च करू नका. चार-चार हजारांच्या तीन खेपा करा, म्हणजे पहिल्या खेपेच्या वहीवरून दुसरी ठरवता येते. मुलांनी पानं झिजवलेल्या पुस्तकाच्या दुसऱ्या प्रतीसाठी थोडे राखून ठेवा. प्रथम बुक्सनं 2015 साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट वाचता येतात. तिथे आधी घरी मोठ्यानं वाचून बघा, आवडलेल्या गोष्टी मोठ्या पडद्यावर मुलांना दाखवा, आणि चाललेल्यांपैकी जी छापील मिळतील तीच विकत घ्या. नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं स्वस्त पडतात. ज्योत्स्ना प्रकाशन, तूलिका यांची पुस्तकं प्रदर्शनात उघडून बघायला मिळतात, तिथे दोन तास काढून जा. ऑनलाइन नुसतं मुखपृष्ठ बघून मागवू नका, आतली चार पानं दिसत असतील तरच.

दुकानात पाचच मिनिटं असतील तर एवढं करा: न वाचता चित्रं बघा, मधली दोन पानं मोठ्यानं वाचा, उजव्या पानांच्या शेवटी काय आहे ते चाळा, पुस्तक हात लांब करून धरा आणि शेवटच्या ओळीवर हात ठेवून गोष्ट पुरी होते का बघा. त्यातही वेळ कमी पडला तर मोठ्यानं वाचणं सोडू नका.

आता तुमची चौदा पुस्तकं. त्यांचे तीन गठ्ठे करा. बारीक चित्रांची, तपशिलाची पुस्तकं वेगळ्या टोपलीत ठेवा आणि एक-दोन मुलांना जवळ घेऊनच वाचा, किंवा मोठ्या भावंडांना धाकट्यांबरोबर घरी न्यायला द्या. लांबलचक मजकुराची असतील ती सहाच्या मुलांसाठी, धाकटे खेळायला गेल्यावर. तिसरा गठ्ठा चांगली चित्रं आणि अवघडलेलं मराठी असलेल्यांचा. ती तुमच्या भाषेत सांगा. मी अशा पुस्तकांत कागदाच्या छोट्या चिठ्ठ्यांवर माझी वाक्यं लिहून मजकुराशेजारी कडेनं चिकटवते, म्हणजे दुसरं कुणी वाचायला बसलं तरी तीच गोष्ट ऐकू येते. त्या अस्वलाच्या पुस्तकात आता सगळीकडे “म्हणालं” आहे. चिठ्ठ्या पेन्सिलीनं लिहा, कारण दोन-तीन वाचनांत मुलं आणखी काही शब्द बदलायला लावतातच.